ॲनिमे आणि मांगाचं परीक्षण कसं लिहावं: पाहण्यापासून प्रसिद्ध करेपर्यंत

मराठीत ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांवर, लिहिणाऱ्या बहुतेकांचा साचा ठरलेला आहे. आधी चार परिच्छेद कथा, मग 'पात्रं छान रंगवली आहेत', मग 'ॲनिमेशन जबरदस्त', मग ओपनिंग गाण्याचं कौतुक आणि शेवटी दहापैकी नऊ. वाचून झाल्यावर मालिका पाहावी की नाही हे कळत नाही, आणि ज्याने पाहिली आहे त्याला नवीन काही मिळत नाही.

हा दोष भाषेचा नाही. परीक्षण बिघडतं ते लिहायला बसण्याच्या आधी: नक्की कशावर लिहायचं हे ठरवलेलं नसतं, पाहताना टिपणं काढलेली नसतात आणि मग आठवतं ते फक्त कथानक. म्हणून इथे लिहिण्यापेक्षा तयारीच जास्त आहे. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी 'फ्रीरेन: बियाँड जर्नीज एंड' ही मालिका (दीर्घायुषी जादूगार फ्रीरेन आणि तिचा दिवंगत सोबती, वीर हिम्मेल यांची गोष्ट) घेतली आहे, कारण ती अनेकांनी पाहिलेली आहे आणि तिच्यात परीक्षकाला चकवणाऱ्या जागाही बऱ्याच आहेत.

## १. कशाचं परीक्षण, ते एका ओळीत लिहून काढा

कोणती आवृत्ती, कुठून कुठपर्यंत, कोणत्या भाषेत, मूळ मांगा (जपानी चित्रकथा) वाचलाय की नाही, एवढं सगळं त्या ओळीत हवं. उदाहरणार्थ:

"फ्रीरेन, पहिला सीझन, २८ भाग, जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल. मांगा वाचलेला नाही."

ही ओळ लेखाच्या डोक्यावर जशीच्या तशी छापा. ती किती गरजेची आहे हे 'फुलमेटल अल्केमिस्ट'वरून कळतं. २००३ ची मालिका ५१ भागांची. तेव्हा हिरोमू अराकावा यांचा मांगा अजून चालू होता, त्यामुळे मालिकेची कथा पुढे स्वतंत्र वाटेने गेली. २००९ ची 'ब्रदरहुड' ६४ भागांची, आणि ती मांगाला धरून शेवटापर्यंत जाते. दोन्हींतली पात्रं तीच, सुरुवात जवळपास तीच, पण शेवट आणि आशय वेगळा. नुसतं 'फुलमेटलचा शेवट कमकुवत आहे' असं लिहिलं तर वाचणाऱ्याने कोणता शेवट समजायचा?

'एव्हँगेलियन'चंही तेच. टीव्ही मालिकेचा शेवट १९९६ मध्ये आला आणि १९९७ च्या चित्रपटात वेगळा शेवट दाखवला गेला. कोणत्या शेवटाबद्दल बोलताय हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा: मालिका चालू आहे की संपली? चालू असेल तर 'अमुक भागापर्यंत' हे शब्द शीर्षकातच घाला.

## २. वाचक एकच निवडा

मालिका न पाहिलेला आणि पाहिलेला, हे दोन वेगळे वाचक आहेत. पहिल्याला विचारायचं असतं: माझा वेळ यात घालवू का? दुसऱ्याला: मला जे वाटलं ते का वाटलं? एकाच लेखात दोघांना खूश करायला गेलात की पहिल्याला स्पॉयलर (आधीच फुटलेली कथेतली गुपितं) मिळतात आणि दुसऱ्याला ओळखीची कथा परत ऐकावी लागते. दोघांसाठी लिहायचंच असेल तर दोन लेख लिहा.

## ३. पाहण्याआधी काय माहीत करून घ्यायचं आणि काय नाही

माहीत करून घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत.

मूळ कुठे छापून आलं. शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ हे कथाप्रकार नाहीत. ज्या मासिकात किंवा साप्ताहिकात मांगा छापला जातो त्याचा अपेक्षित वाचक कोण, हे त्या शब्दांनी कळतं. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलगे, सेइनेन म्हणजे तरुण आणि प्रौढ पुरुष, शोजो म्हणजे मुली, जोसेइ म्हणजे प्रौढ स्त्रिया. 'डेथ नोट' साप्ताहिक शोनेन जंपमध्ये आला, म्हणून तो शोनेन. त्यातली काळोखी गुंतागुंत पाहून त्याला सेइनेन ठरवणारी परीक्षणं चूक आहेत. 'विनलँड सागा' तर २००५ मध्ये एका शोनेन साप्ताहिकात सुरू झाला आणि त्याच वर्षी 'आफ्टरनून' या सेइनेन मासिकात गेला. कथा तीच राहिली, मासिक बदललं, लेबल बदललं. तेव्हा 'शोनेन असूनही प्रगल्भ' हे वाक्य कौतुक म्हणून वापरणं सोडा.

किती भाग आणि कशा रीतीने दाखवले. टीव्हीवरच्या ॲनिमेचं एक सत्र साधारण तीन महिन्यांचं, १२-१३ भागांचं असतं, आणि वर्षात अशी चार सत्रं जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. मालिकेची गती या मापाशी बांधलेली असते. फ्रीरेनचे पहिले चार भाग जपानमध्ये २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एकाच रात्री, दोन तासांच्या विशेष कार्यक्रमात दाखवले गेले. 'पहिल्या भागात काहीच घडत नाही' असं लिहिणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवं: तो भाग एकटा पाहिला जावा अशी योजनाच नव्हती.

नावं. दिग्दर्शक, मालिकेची पटकथा-रचना करणारा, संगीतकार, स्टुडिओ. फ्रीरेनच्या पहिल्या सीझनसाठी दिग्दर्शन केइइचिरो साइतो, संगीत एव्हन कॉल, स्टुडिओ मॅडहाउस. मूळ मांगाची कथा कानेहितो यामादा यांची, चित्रं त्सुकासा आबे यांची. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि काय वाचायचं नाही? दुसऱ्यांची परीक्षणं आणि वेबसाइटवरचे सरासरी गुण. आधी ९ चा आकडा पाहिलात की तुम्ही मालिका पाहत नाही, त्या आकड्याशी भांडत किंवा सहमत होत बसता. आपला मसुदा पूर्ण झाल्यावर हवं तेवढं वाचा.

## ४. पहिलं पाहणं: न थांबता, पण वही उघडी ठेवून

भाग चालू असताना थांबवू नका. लय हा दिग्दर्शकाचा निर्णय आहे. दर दोन मिनिटांनी थांबवून टिपण काढलंत तर लयीबद्दल बोलायचा हक्क गेला. वेग दीडपट करून पाहणाऱ्यांना तर 'गती योग्य आहे' हे वाक्य लिहायला बंदीच असायला हवी. भाग संपला की लगेच तीन गोष्टी लिहा: काय लक्षात राहिलं (साधारण कितव्या मिनिटाला), कुठे लक्ष उडालं, आणि कोणता प्रश्न मनात राहिला. बस्स. कथानक लिहू नका, ते कुठेही मिळतं.

एका बैठकीत तीन-चार भागांवर जाऊ नका. आठवड्याला एक भाग या हिशेबाने रचलेली मालिका एका रात्रीत संपवली की तिची चव बदलते, कधी फायद्याची, कधी तोट्याची. टोकाचं उदाहरण 'हारुही सुझुमिया'चं. २००९ मध्ये त्या मालिकेत जवळपास तोच प्रसंग सलग आठ भाग दाखवला गेला. जपानी प्रेक्षकांनी तो दोन महिने, दर आठवड्याला सोसला. आज कुणी तो एका संध्याकाळी, पुढे ढकलत पाहतं. दोघांचं मत सारखं असणार नाही आणि दोघंही खरं बोलत असतील. म्हणून तुम्ही कसं पाहिलं, हे परीक्षणात एका वाक्यात सांगा.

सबटायटल की डब? कोणतंही चालेल, पण मिसळू नका. जपानी आवाजात पाहून 'संवाद सुंदर आहेत' म्हणताना तुम्ही प्रत्यक्षात इंग्रजी सबटायटल लिहिणाऱ्याची तारीफ करत असता, याचं भान ठेवा. आता काही मालिका हिंदी डबमध्येही येतात आणि महाराष्ट्रात हिंदी डब पाहणारा वर्ग मोठा आहे. डोरेमॉन आणि शिनचॅन आपण सगळ्यांनी हिंदीतच पाहिले. डब पाहिला म्हणून कुणाचं परीक्षण कमी दर्जाचं होत नाही. ते लपवलं तर होतं.

इशारा: 'तीन भाग पाहून ठरवा' हा चाहत्यांचा नियम पाहणाऱ्यासाठी आहे, परीक्षकासाठी नाही. 'स्टाइन्स गेट'च्या २४ भागांचा पहिला अर्धा संथ आहे, आणि दुसरा अर्धा त्याच संथपणावर उभा आहे. मधेच सोडलेल्या मालिकेवर जरूर लिहा, पण 'पाचव्या भागानंतर का सोडली' असं शीर्षक देऊन.

## ५. मांगा असेल तर वेगळं वाचन

मांगावर लिहिताना बहुतेकांची नजर कथेवरच असते आणि पान विसरलं जातं. मांगाचं परीक्षण म्हणजे निम्म्याहून जास्त पानाचं परीक्षण.

उजवीकडून डावीकडे वाचताना डोळा कुठे थांबतो ते पाहा. एका पानावर किती चौकटी आहेत? कुठे अचानक एकच मोठी चौकट येते? धक्का पान उलटल्यावर येईल अशी जुळणी केली आहे का? चांगले मांगाकार हे काटेकोरपणे ठरवतात: प्रश्न डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत, उत्तर उलटल्यावर. फोनवर एकेक पान उभं सरकवत वाचलंत तर हे सगळं हरवतं आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध कापलं जातं. निदान परीक्षणापुरता तरी फोन आडवा धरा, टॅबवर वाचा किंवा छापील खंड मिळवा.

साप्ताहिकातलं एक प्रकरण साधारण १९-२० पानांचं असतं आणि दर वेळी त्याला शेवटी ओढ लावावी लागते. खंडात सलग वाचताना ही ओढ कधीकधी कृत्रिम वाटते. तो दोष लेखकाचा की छपाईच्या पद्धतीचा, हे तपासून मगच शेरा मारा.

चित्रांत कोरलेले ध्वनी, रिकामी पार्श्वभूमी, शब्द नसलेल्या चौकटी यांची वेगळी नोंद ठेवा. फ्रीरेन मांगातल्या आबे यांच्या चित्रांत शांत चौकटी भरपूर आहेत. त्यांवर किती वेळ रेंगाळायचं हे वाचक ठरवतो; ॲनिमेत ते दिग्दर्शक ठरवतो. सातव्या टप्प्यात हाच फरक कामाला येईल.

## ६. दुसरं पाहणं: फक्त तीन प्रसंग

सगळी मालिका परत पाहायची गरज नाही. वहीतून तीन प्रसंग निवडा: एक सर्वांत भावलेला, एक सर्वांत कंटाळवाणा, एक ज्याबद्दल तुमचं ठरत नाही. प्रत्येक प्रसंग दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे न बघता फक्त ऐकून. चित्र किती काम करतं आणि संगीत किती, ते लगेच वेगळं होतं. नुसत्या पार्श्वसंगीताने डोळ्यांत पाणी आणलेल्या प्रसंगाला लोक 'उत्तम लेखन' म्हणून मोकळे होतात. या युक्तीने ते पकडता येतं.

आता ॲनिमेशनबद्दल, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक: 'फ्रेम कमी आहेत म्हणून ॲनिमेशन स्वस्त.' पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, पण ॲनिमेत एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. ती कुठे वाढवायची आणि कुठे कमी करायची, यातच कारागिरी दिसते. हालचाल अडखळते तेव्हा आधी विचारा, की तिथे अडखळणं हवं होतं का.

दुसरी चूक: सगळं श्रेय किंवा दोष स्टुडिओला. 'वन-पंच मॅन'चा पहिला सीझन २०१५ मध्ये मॅडहाउसने केला, दुसरा २०१९ मध्ये जे. सी. स्टाफने. उतरलेल्या दर्जाबद्दल लोक फक्त दुसऱ्या स्टुडिओला झोडतात. पण दिग्दर्शकही बदलला होता. पहिला सीझन शिंगो नात्सुमे यांचा होता. शिवाय चित्रकारांपैकी अनेक जण स्टुडिओचे नोकर नसतात, कामापुरते येतात. त्यामुळे त्या भागाच्या श्रेयनामावलीत स्टोरीबोर्ड (प्रसंगांचा चित्र-आराखडा) कुणाचा, भागाचं दिग्दर्शन कुणाचं आणि ॲनिमेशन दिग्दर्शक कोण, ही तीन नावं पाहा. एखादा भाग वेगळाच उठून दिसत असेल तर उत्तर बहुधा तिथे सापडतं.

तिसरी चूक सुंदर पार्श्वचित्रांना ॲनिमेशन म्हणण्याची. ढग आणि डोंगर सुरेख रंगवलेले असतात, पण ते हलत नाहीत. त्यांना कलादिग्दर्शन म्हणा.

तपासा: तुमच्या टिपणात 'जबरदस्त', 'कमाल', 'टॉप क्लास' यांपैकी शब्द असेल तर त्याच्यापुढे भाग आणि मिनिट लिहिलंय का? नसेल तर तो शब्द खोडा.

## ७. मूळ आणि रूपांतर वेगळं काढा

मांगा वाचला असेल तरच हा टप्पा. तीन रकाने आखा: काय गाळलं, काय वाढवलं, काय तसंच ठेवूनही बदललं. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि नेहमी रिकामा राहणारा. संवाद तोच, प्रसंग तोच, पण मांगात अर्ध्या पानात संपलेली शांतता ॲनिमेत लांबते, तिच्यात वारा आणि पावलं ऐकू येतात. तो बदलच आहे.

'मांगाशी प्रामाणिक' हा गुण समजू नका. फुलमेटलची २००३ ची मालिका मूळापासून दूर गेली म्हणून आपोआप वाईट ठरत नाही, आणि 'ब्रदरहुड' जवळ राहिली म्हणून आपोआप चांगली नाही. माझ्या मते पहिलीचा सुरुवातीचा भाग दुसरीपेक्षा सावकाश आणि म्हणून जास्त बोचरा आहे.

फिलर, म्हणजे मूळ मांगात नसलेल्या, भागांनाही सरसकट झोडू नका. मांगा पुढे जावा म्हणून ते घुसवले जातात हे खरं, 'नारुतो'च्या पहिल्या २२० भागांपैकी शेवटचे कितीतरी तसे आहेत. वाचकाला कोणते वगळता येतील ते सांगा. ती माहिती त्याला तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

## ८. मत एका वाक्यात, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा

लिहायला बसण्याआधी हे वाक्य तयार हवं. 'मालिका छान आहे' हे मत झालं नाही, कारण त्याच्याशी कुणी वाद घालू शकत नाही. फ्रीरेनबद्दल माझं वाक्य असं होतं: "काहीतरी घडून गेल्यानंतरचं सांगताना ही मालिका भक्कम असते; जादूगारांच्या परीक्षेत सगळं आत्ताच घडू लागतं आणि तिची धार जाते."

आता वहीत या वाक्याच्या विरुद्ध जाणारे प्रसंग शोधा. परीक्षेच्या कथाभागाच्या अखेरीस जुनी जादूगार सेरीए आणि तिची शिष्या फ्लामे यांची जुनी आठवण येते, आणि तिथे मालिका पुन्हा तिच्या मूळ बळावर उभी राहते. म्हणजे वाक्य दुरुस्त करावं लागेल: परीक्षा कमकुवत नाही, तिचा मधला भाग कमकुवत आहे. हे दुरुस्त वाक्य पहिल्यापेक्षा कमी झणझणीत आहे, पण टिकतं.

विरुद्ध पुरावा सापडलाच नाही, तर बहुधा तुम्ही शोधलेला नाही.

## ९. लिहिणं

कथानकाला शंभर शब्द. त्याहून एकही जास्त नाही, मालिका कितीही गुंतागुंतीची असो. मग मताचं वाक्य, मग पुराव्याचे प्रसंग. 'कथा', 'पात्रं', 'ॲनिमेशन', 'संगीत' असे रकाने पाडू नका; ती गुणपत्रिका होते. एक प्रसंग घ्या आणि त्यातच लेखन, चित्र, आवाज सगळं दाखवा.

नेहमीचं वाक्य: "पहिल्या भागातला अंत्यविधी खूप इमोशनल आहे, ॲनिमेशनही अप्रतिम."

त्याऐवजी: "अंत्यविधीला जमलेले लोक फ्रीरेन रडत नाही म्हणून कुजबुजतात, आणि तोवर आपल्यालाही ती कोरडीच वाटलेली असते. ती रडते तेव्हा कळतं, की हिम्मेल गेला याइतकंच दहा वर्षं सोबत फिरूनही त्याला समजून घेतलं नाही, हे तिला लागलंय. पुढच्या प्रवासात ती जुन्या वाटा का धरते, त्याचं कारण इथे आहे."

दुसऱ्या उताऱ्यात एकही विशेषण कौतुकाचं नाही, तरी लेखकाला प्रसंग आवडलाय हे कळतं.

दोष लिहितानाही हाच नियम. 'मधे बोअर होते' असं न लिहिता, कोणत्या भागापासून, कशामुळे आणि परत कुठे सावरते ते सांगा. आवडत्या मालिकेचा निदान एक खरा दोष आणि नावडत्या मालिकेची निदान एक खरी जमेची बाजू लेखात असायलाच हवी.

नावांचं लेखन: एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. इंग्रजी स्पेलिंग वाचून 'नारुटो', 'नाट्सुमे' लिहिण्याऐवजी मूळ उच्चार ऐका. जपानी 'त' आपल्या 'त'सारखाच आहे आणि 'त्सु' लिहायला देवनागरीला काही अडचण नाही.

## १०. स्पॉयलरची रेघ

सोपी कसोटी: अधिकृत जाहिरातीत किंवा मालिकेच्या परिचयात जे सांगितलंय ते सांगायला मोकळीक. हिम्मेलचा मृत्यू पहिल्याच भागात होतो आणि मालिकेचा पायाच तो आहे, म्हणून तो लपवणं हास्यास्पद ठरेल. याउलट 'मादोका मॅजिका'च्या १२ भागांपैकी तिसऱ्यात काय होतं, ते २०११ ची मालिका असूनही मी इथे लिहिणार नाही. 'पुढे मोठा ट्विस्ट आहे' हेदेखील लिहू नका. त्याने वाचक प्रत्येक वळणावर दबा धरून बसतो.

स्पॉयलर असलेला मजकूर वेगळ्या उपशीर्षकाखाली, लेखाच्या शेवटी. वरच्या चित्रात आणि शीर्षकात तो कधीच नाही. मेलेल्या पात्राचं चित्र लेखाच्या तोंडावर लावणारे महाभाग अजूनही भेटतात.

## ११. गुण द्यायचेच असतील तर

दिले नाहीत तरी चालतं. द्यायचे असतील तर आधी मोजपट्टी लिहून प्रसिद्ध करा: ५ म्हणजे ठीकठाक, ७ म्हणजे आवर्जून पाहावी, ९ म्हणजे परत पाहीन, असं काहीतरी. नाहीतर तुमच्या सगळ्या मालिका ७.५ ते ९ मध्ये कोंबल्या जातात आणि आकड्याला अर्थ उरत नाही. आकडा लेख लिहून झाल्यावर ठरवा, आधी नाही.

## १२. प्रसिद्ध करण्याआधी आणि नंतर

मसुदा एक रात्र तसाच ठेवा. शेवटचा भाग पाहिल्याच्या तासाभरात लिहिलेलं सगळं 'आजवरची सर्वोत्तम मालिका' याच सुरात असतं.

सकाळी एवढं तपासा: भागांची संख्या, वर्षं, व्यक्तींची नावं आणि पहिल्या टप्प्यातली ओळ. चित्रं मोजकीच वापरा, दोन-तीन चौकटी, आणि त्या तुमच्या मुद्द्याला लागत असतील तरच. मांगाचं आख्खं प्रकरण टाकणं म्हणजे चोरी. वाचकाला मांगा कुठे मिळेल ते सांगताना अधिकृत जागाच द्या. शुएइशा या जपानी प्रकाशन संस्थेच्या 'मांगा प्लस'वर बऱ्याच मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट वाचता येतात.

चूक कुणी दाखवली तर दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख खाली लिहा. पण पुढचा सीझन आला म्हणून जुन्या लेखातलं मत गुपचूप बदलू नका. ते तसंच राहू द्या, नवा लेख लिहा आणि त्यात जुन्याचा दुवा द्या.